टर्बो गाडीला क्लच कोणता, फ्लायव्हील कोणतं?

२०१० साली रांजणगावच्या कारखान्यातून फियाट लिनिया टी-जेट बाहेर पडली तेव्हा ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्कची पेट्रोल सेदान हा कौतुकाचा विषय होता. २०१५ मध्ये अबार्थ पुंटो १४५ पीएस घेऊन आली. पुढे चाकणच्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि टायगुनमध्ये दीड लिटरचं टीएसआय इंजिन आलं. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर आणि जोडीला मॅन्युअल गिअरबॉक्स. टर्बो गाडी आता नवलाईची राहिलेली नाही, आणि तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप करून टॉर्क वाढवून घेणंही नाही. रिमॅपचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. मग कधीतरी चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर धावतो, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. क्लच स्लिप होतो आहे.

त्यानंतर दुकानात, गॅरेजमध्ये आणि मित्रमंडळींत सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी सिरॅमिक प्लेट सुचवतं, कुणी केव्हलार, कुणी म्हणतं गिअरबॉक्स उतरवतोच आहेस तर हलकं फ्लायव्हीलही टाकून घे. यातला प्रत्येक पर्याय कुठल्या तरी गाडीसाठी बरोबर असतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या, सुट्टीत घाट चढणाऱ्या गाडीसाठी मात्र त्यातले बहुतेक चुकतात. कारण शर्यतीच्या गाडीचा क्लच ताशी दोन-चार वेळा सुटण्याच्या क्षणी कसाला लागतो, तर रस्त्यावरच्या गाडीचा क्लच दिवसाला शेकडो वेळा, तोही अर्धवट दाबलेल्या अवस्थेत. लागेल तेवढा टॉर्क पेलणारा सर्वांत सौम्य क्लच घ्यावा आणि सबळ कारण असल्याशिवाय फ्लायव्हीलला हात लावू नये, असं माझं मत आहे. ते का, हे एकेका भागाच्या आढाव्यातून पाहू.

टर्बोचा टॉर्क लवकर येतो

क्लचला अश्वशक्तीशी घेणं-देणं नसतं. त्याला टॉर्क पेलायचा असतो. शक्ती म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार. त्यामुळे दोन इंजिनांची शक्ती सारखी असली तरी त्यांच्या क्लचवरचा भार अगदी वेगळा असू शकतो. टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन १५० पीएस देत असेल तर त्याचा सर्वोच्च टॉर्क साधारण २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि तो चार हजार आरपीएमच्या पुढे मिळतो. आजचं छोटं टर्बो इंजिन त्याहून जास्त टॉर्क पावणेदोन-दोन हजार आरपीएमलाच हातात देतं.

याचा परिणाम दुहेरी होतो. एक तर क्लचवर पूर्ण भार येण्याचे प्रसंग वाढतात, कारण तेवढ्या आरपीएमला आपण दिवसभर गाडी चालवत असतो. दुसरं म्हणजे वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायची सवय लागते. टर्बो गाडीचा क्लच पहिल्यांदा स्लिप होतो तो अशाच वेळी: पाचवा गिअर, दोन हजार आरपीएम, समोर चढ. क्लच तपासायचा असेल तर हीच परीक्षा घ्यावी. रस्ता मोकळा हवा, गिअर वरचा हवा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा. काटा वेगाला सोडून वर गेला की निदान झालं. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर प्लेट जळते.

पेलण्याची क्षमता: एक साधा हिशेब

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: लाइनिंगचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या आणि लाइनिंगची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्षमता.

एका लहान टर्बो गाडीचा नमुना घेऊ. प्लेटचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, लाइनिंगचा आतला व्यास १४० मिलिमीटर, म्हणजे सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर. प्रेशर प्लेटचा दाब ४,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३० आणि प्लेटच्या दोन बाजू धरून दोन पृष्ठभाग. गुणाकार केला की २३० न्यूटन-मीटर येतात. इंजिनचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर असेल, जसा फोक्सवॅगन पोलोच्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनचा होता, तर हातात सुमारे ३० टक्के राखीव क्षमता उरते. कारखाने अशीच राखीव ठेवून क्लच देतात, कारण लाइनिंग तापली की घर्षणांक घसरतो आणि प्लेट झिजत जाते तसा दाबही बदलतो. रिमॅपने हाच टॉर्क २३० पर्यंत नेला की राखीव संपते. नवा क्लच त्या दिवशी स्लिप होणार नाही. पण ऐन मे महिन्यात घाट चढून गेल्यावर नक्की होईल.

आता क्षमता वाढवायचे मार्ग याच हिशेबात दिसतात. प्रेशर प्लेटचा दाब २५ टक्क्यांनी वाढवला तर २३० चे २८७ होतात. दाब तोच ठेवून ०.४० घर्षणांकाची लाइनिंग लावली तर ३०६. दोन प्लेटचा क्लच लावला तर पृष्ठभाग चार होतात आणि क्षमता थेट दुप्पट, ४५९. मोठ्या व्यासाची प्लेट बसवली, समजा २२८ मिलिमीटर बाहेर आणि १५० आत, तर २५५. प्रत्येक मार्गाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: दाबाची डाव्या पायाने, घर्षणांकाची गाडी सुटताना बसणाऱ्या धक्क्यांनी, दोन प्लेटची पैशांनी. सगळ्यांत शहाणा मार्ग मोठ्या व्यासाचा, कारण त्याने गाडीच्या वागण्यात जवळपास काहीच बदल होत नाही. तो फक्त तेव्हाच शक्य होतो, जेव्हा त्याच कुळातल्या एखाद्या थोरल्या गाडीचे भाग आपल्या गाडीला बसतात.

याचं नामांकित उदाहरण फोक्सवॅगनच्या १.८ लिटर वीस-व्हॉल्व्ह टर्बो इंजिनचं आहे. युरोप-अमेरिकेत या इंजिनाच्या पाच गिअरच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं एकच जोड बसवला गेला: कोराडो जी-६० या गाडीचं एकसंध फ्लायव्हील आणि सहा सिलिंडरच्या व्हीआर-६ इंजिनाचा २२८ मिलिमीटरचा क्लच. दोन्ही भाग मूळ कारखान्याच्या दर्जाचे, सुटे भाग मिळणारे, पॅडल हलकं आणि लाइनिंग साधी ऑरगॅनिक. खास शर्यतीसाठी बनवलेला महागडा क्लच न घेताही वाढलेला टॉर्क हजारो गाड्यांनी त्यावर पेलला.

लाइनिंग: ऑरगॅनिक, केव्हलार, सिरॅमिक

कारखान्यातून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्यांमध्ये ऑरगॅनिक लाइनिंग असते. काचेचे व इतर तंतू, तांब्या-पितळेच्या तारा आणि त्यांना बांधणारं फिनॉलिक रेझिन. एके काळी यात ॲस्बेस्टॉस असायचं. ते आरोग्याला घातक म्हणून मागे पडलं. ऑरगॅनिक लाइनिंगचा मोठा गुण म्हणजे ती हळुवार पकडते. क्लच सोडताना घर्षण एकदम न वाढता सावकाश वाढत जातं, त्यामुळे सिग्नलला गाडी इंच-इंच सरकवता येते. तिची मर्यादा तापमानाची आहे. फार तापली की रेझिन मऊ पडतं, जळका वास येतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. थोडी तापलेली प्लेट थंड झाल्यावर पुष्कळदा सावरते. ओळखीचा तो वास दुसऱ्यांदा आला की मात्र समजावं, आयुष्य झपाट्याने कमी होत आहे.

केव्हलार हा अरामिड तंतू ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला. त्याची लाइनिंग ऑरगॅनिकइतकीच हळुवार पकडते आणि झिजते मात्र फार कमी. पण तिला दोन अटी आहेत. एक, बसवल्यावर तिचं रन-इन लांबतं आणि ते संयमाने पार पाडावं लागतं. दोन, एकदा तिची झिलई झाली की ती सहसा पूर्ववत होत नाही. सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर उभ्या राहणाऱ्या गाडीला म्हणून केव्हलार शोभत नाही. मोकळ्या रस्त्यावर जास्त चालणाऱ्या आणि काळजीने हाताळल्या जाणाऱ्या गाडीला ती उत्तम.

सिरॅमिक म्हणून विकली जाणारी लाइनिंग बहुधा धातूची भुकटी आणि सिरॅमिक कण दाबून, तापवून बनवलेली असते. ती पूर्ण गोल न ठेवता तीन, चार किंवा सहा तुकड्यांत लावतात. या तुकड्यांना गॅरेजमध्ये पक म्हणतात. ती उष्णता भरपूर सोसते आणि घर्षणांकही जास्त देते. पण पकडते ती एकदम. पॅडलच्या दोन बोटं हालचालीत क्लच 'सुटलेला' असतो किंवा 'लागलेला', मधलं काही नसतं. उभ्या चढावर गाडी सोडताना अख्खी गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर झिजतो. सहा पकची, स्प्रिंग असलेल्या हबची प्लेट रस्त्यावर कशीबशी चालवता येते. तीन पकची प्लेट रोजच्या गाडीत घालणं म्हणजे स्वतःला आणि गिअरबॉक्सला शिक्षा. निव्वळ लोखंडी सिंटर्ड लाइनिंग तर शर्यतीपुरतीच.

हब, प्रेशर प्लेट आणि दोन प्लेटचे क्लच

प्लेटच्या मधोमध, हबमध्ये, छोट्या स्प्रिंगा दिसतात. इंजिन फिरतं ते सलग नव्हे, प्रत्येक स्फोटागणिक धक्क्याने फिरतं, आणि ते धक्के गिअरपर्यंत पोचण्याआधी या स्प्रिंगा शोषतात. स्प्रिंग नसलेली प्लेट हलकी असते आणि गिअर पटकन पडतात, पण रस्त्यावर तिचा आवाज आणि धक्के गिअरच्या दातांवर येतात. रोजच्या गाडीत स्प्रिंगचा हब असावाच. आणि पुढे येणारं ड्युअल-मास फ्लायव्हील काढून एकसंध बसवणार असाल तर ही अट सक्तीची होते.

प्रेशर प्लेटचा दाब वाढवला की पॅडल जड होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की क्लच दाबताना तेवढाच जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही येतो. मित्सुबिशीच्या चार सिलिंडरच्या ४जी६३ इंजिनाची एक आवृत्ती १९९० च्या दशकातल्या टर्बो एक्लिप्स गाड्यांमध्ये क्रँक पुढे-मागे सरकण्यासाठी कुप्रसिद्ध झाली. तिथल्या कारणांवर आजही वाद आहे, पण जड प्रेशर प्लेटने अशा इंजिनावरचा ताण वाढतो यावर फारसा मतभेद नाही. म्हणून दाबात ३० टक्क्यांहून जास्त वाढ हवीशी वाटली तर दुसरा मार्ग शोधावा. आणि गाडी कुठलीही असो, सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नये. न्यूट्रल करून पाय काढावा.

दोन प्लेटचा क्लच हा मोठ्या टॉर्कवरचा खरा उपाय आहे. पृष्ठभाग दुप्पट असल्यामुळे दाब कमी ठेवूनही क्षमता मिळते, पॅडल हलकं राहतं आणि लाइनिंग ऑरगॅनिक ठेवता येते. चांगल्या बनावटीचा दोन प्लेटचा ऑरगॅनिक क्लच ५०० न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊनही सौम्य वागतो. तो महाग असतो, क्लच दाबल्यावर त्याच्या मधल्या प्लेटचा खडखडाट ऐकू येतो आणि त्याचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. ३०० न्यूटन-मीटरच्या गाडीला त्याची गरज नाही.

आणखी एक सावधगिरी. डब्यावर 'स्टेज १', 'स्टेज २' किंवा 'स्टेज ३' लिहिलेलं असतं. या आकड्यांना कोणतंही सामाईक मानक नाही. एका कंपनीचा स्टेज २ हा दुसऱ्या कंपनीचा स्टेज १ असू शकतो. विकत घेताना स्टेज विचारू नये. किती न्यूटन-मीटर, कोणती लाइनिंग, हब स्प्रिंगचा की घट्ट आणि दाब मूळच्या किती पट, एवढे चार प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडून माल घेऊ नये.

उष्णता हाच खरा शत्रू

क्लच टॉर्कने मरतो त्याहून जास्त वेळा उष्णतेने मरतो. गाडी सोडताना इंजिन एका ठराविक आरपीएमवर धरलं, तर गाडी त्या वेगाला पोचेपर्यंत तिला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन क्लचमध्ये उतरते. पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण १४.४ असलेली, १,२०० किलोची गाडी घ्या. १,९०० आरपीएमवर शांतपणे सोडली तर क्लच साधारण ताशी १५ किलोमीटरला पूर्ण जोडला जातो आणि सुमारे १० किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी ५,००० आरपीएमवर धरून सोडली तर क्लच ताशी ३९ किलोमीटरला जुळतो आणि उष्णता ७१ किलोज्यूल होते. आरपीएम अडीच पटींहून थोडं जास्त, उष्णता सातपट.

चढावर यात भर पडते. बोरघाटात किंवा कसाऱ्यात वाहतूक खोळंबली आणि ब्रेक न वापरता क्लचवर गाडी धरली, तर गाडी जागची हलत नाही तरी उष्णता तयार होतच राहते. कितीही ताकदीचा क्लच हे सोसत नाही. चढावर गाडी हॅण्डब्रेकवर धरावी, सुटताना हॅण्डब्रेक सोडावा आणि क्लच लवकरात लवकर पूर्ण सोडावा. हजारो रुपयांच्या प्लेटपेक्षा ही सवय जास्त काम करते.

ही उष्णता जाते कुठे? फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या धातूत. त्यांचं वजन निम्मं केलं की त्यांची उष्णता साठवण्याची ताकदही जवळपास निम्मी होते. हलक्या फ्लायव्हीलच्या जाहिरातीत हे कधी लिहिलेलं नसतं.

फ्लायव्हीलचं वजन: मिळतं काय, जातं काय

फ्लायव्हील हलकं केलं की गाडी झपकन उचलते, असं म्हणतात. हे खरं आहे, पण गिअरप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. फ्लायव्हीलच्या कडेजवळून, केंद्रापासून १० सेंटिमीटर अंतरावरून ४ किलो धातू काढला असं धरा. पहिल्या गिअरमध्ये त्याचा परिणाम गाडीचं वजन सुमारे ९२ किलोने घटवल्याइतका होतो. पाचव्या गिअरमध्ये, एकूण प्रमाण ३.२ धरलं तर, तोच परिणाम साडेचार किलोवर येतो. म्हणजे हलक्या फ्लायव्हीलचा फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरपुरता. हायवेवर ओव्हरटेक करताना तो जवळजवळ शून्य. शिवाय धातू कुठून काढला यावर सगळं ठरतं. केंद्राजवळून काढलेल्या धातूचा उपयोग नगण्य, कारण जडत्व त्रिज्येच्या वर्गाने बदलतं. नुसतं 'इतक्या किलोने हलकं' या आकड्यावरून काहीच कळत नाही.

आता तोट्याची बाजू. हलकं फ्लायव्हील गाडी सोडताना साठलेली ऊर्जा कमी देतं, त्यामुळे गाडी बंद पडू नये म्हणून जास्त आरपीएम ठेवावं लागतं, म्हणजे पुन्हा क्लचमध्ये जास्त उष्णता. गिअर बदलताना आरपीएम झटकन खाली येतं. शर्यतीत हे हवं असतं, पण छोट्या टर्बोच्या गाडीत ते टर्बोला बूस्ट मिळण्याच्या मर्यादेखाली घसरलं तर उलट पिकअपच गेल्यासारखं वाटतं. आयडलिंग खडबडीत होतं, न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट वाढतो. काही गाड्यांमध्ये इंजिनाचा संगणक क्रँकच्या वेगातल्या सूक्ष्म चढउतारांवरून मिसफायर ओळखतो. फ्लायव्हील फार हलकं झालं की मिसफायर नसतानाही चेक-इंजिनचा दिवा लागतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनात हे सगळं जास्त जाणवतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीन सिलिंडरमध्ये दर २४० अंशांना. दीड हजार आरपीएमला चार सिलिंडर सेकंदाला ५० धक्के देतात, तीन सिलिंडर साडेसदतीस, आणि प्रत्येक धक्क्यामधली पोकळी भरून काढायला फ्लायव्हीलचं वजनच कामी येतं. आजच्या एक लिटरच्या टर्बो गाड्या, मग ती मारुतीची बूस्टरजेट असो, ह्युंदाईची टर्बो असो की फोक्सवॅगनची टीएसआय, तीन सिलिंडरच्याच आहेत. त्यांना हलकं फ्लायव्हील बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना खरोखर हवं आहे, म्हणजे चार सिलिंडरची गाडी आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकवर नेणारा चालक, त्यांनी घडीव स्टीलचं, मूळच्या वजनाच्या साधारण पाऊण पटीचं फ्लायव्हील घ्यावं. ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील घर्षणासाठी स्टीलची तबकडी बोल्टने बसवून बनवतात. ते फार हलकं असतं आणि रस्त्यावर त्रासदायक ठरतं. एक गोष्ट मात्र कुणीही करू नये: मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर कातून हलकं करणं. बीड ताणाला कमजोर असतं आणि फिरणाऱ्या चकतीतला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ५,००० वरून ६,५०० आरपीएमला गेल्यावर ताण जवळपास ७० टक्क्यांनी वाढतो. फ्लायव्हील फुटलं तर बेलहाउसिंग आणि गाडीची फरशी फोडून तुकडे चालकाच्या पायापर्यंत येतात. अमेरिकेत शर्यतींसाठी फ्लायव्हील आणि क्लचची एसएफआय मानकं असल्या अपघातांमुळेच आली. लेथवर पृष्ठभाग सपाट करून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. ती योग्य आहे, पण पायरी असलेल्या फ्लायव्हीलमध्ये पायरीची उंची मूळच्याइतकीच राहिली पाहिजे आणि नंतर बॅलन्सिंग झालं पाहिजे.

ड्युअल-मास: काढावं की ठेवावं?

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपीय गाड्यांत दोन तुकड्यांचं फ्लायव्हील येऊ लागलं. एक तुकडा क्रँकला, दुसरा क्लचला जोडलेला आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, कमानदार स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सला पोचण्याआधी तिथेच विरून जातात. डिझेल आणि टर्बो पेट्रोल गाड्या कमी आरपीएमला गुळगुळीत चालतात त्याचं मोठं श्रेय या भागाला आहे.

त्याचा दोष म्हणजे त्याच्या स्प्रिंगांना टॉर्कची मर्यादा असते. रिमॅप केलेल्या गाडीत कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट दिला की स्प्रिंगा टोकाला जाऊन आपटतात. गाडी चालू-बंद करताना ठकठक, आयडलला खडखड, सुटताना थरथर ही त्याच्या म्हातारपणाची लक्षणं. नवं ड्युअल-मास महाग असतं, म्हणून अनेक जण एकसंध फ्लायव्हीलचा संच बसवतात.

हा बदल चुकीचा नाही, पण तो डोळे उघडे ठेवून करावा. एकसंध फ्लायव्हीलवर गिअरबॉक्सचा आवाज वाढणारच. स्प्रिंगच्या हबची प्लेट आणि जरा जड फ्लायव्हील निवडलं तर तो सहन होण्याइतका राहतो. मूळ ड्युअल-मास ठीक असेल, टॉर्कची वाढ २० टक्क्यांच्या आत असेल आणि गाडी कुटुंबाची असेल, तर तेच ठेवावं आणि नुसता क्लच सेट बदलावा. जुनं ड्युअल-मास लेथवर घासून घेणं टाळावं. बहुतेक बनावटींमध्ये तशी मुभा नसते.

क्लचच्या पुढे गिअरबॉक्स आहे

क्लच स्लिप होतो तेव्हा तो आपल्या पुढचा गिअरबॉक्स वाचवत असतो, घरातला फ्यूज वायरिंग वाचवतो तसाच. जबरदस्त पकडीचा क्लच बसवला की तेवढा धक्का पुढच्या कडीला बसतो. सुबारू इम्प्रेझाचा पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स यासाठी जगभर बदनाम आहे. टर्बोचा टॉर्क वाढवून, झटक्याने क्लच सोडून सोडून चालकांनी त्याचे दात तोडले. फोक्सवॅगनच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या नावातच इशारा असतो: एमक्यू-२००, एमक्यू-२५०, एमक्यू-३५०. हे आकडे तो गिअरबॉक्स ज्या न्यूटन-मीटरच्या वर्गासाठी बनवला आहे ते सांगतात. थोडी राखीव त्यातही असते, पण २०० च्या वर्गातल्या गिअरबॉक्सवर ३०० पेलणारा क्लच बसवण्याआधी विचार करावा.

म्हणून क्लच विकत घेण्याआधी रिमॅप करणाऱ्या ट्यूनरशी बोलावं. चांगला ट्यूनर अडीच हजार आरपीएमच्या खाली बूस्ट आवरता ठेवतो आणि खालच्या गिअरांमध्ये टॉर्कला मर्यादा घालतो. गाडीची वरची ताकद तशीच राहते, कमी आरपीएमचा भयंकर झटका तेवढा जातो. पुष्कळ गाड्यांमध्ये एवढ्यानेच मूळ क्लच आणखी काही वर्षं टिकतो. ड्युअल-क्लच डीएसजीच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण तिथेही हाच नियम: पोलो जीटी टीएसआयमध्ये होता तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, हे रिमॅप करण्याआधी आठवावं.

बसवताना आणि बसवल्यावर

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, म्हणून तो एकदाच उतरवावा आणि सगळं एका वेळी बदलावं. रिलीज बेअरिंग, असल्यास पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट (बऱ्याच गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात), आणि गळत असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील. गिअरबॉक्सच्या आत बसणारा क्लचचा सिलिंडर असेल तर तोही नवा. चांगल्या प्लेटवर तेलाचे चार थेंब पडले तरी ती वाया जाते. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पातळ लावावं. ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच बाटलीतून येत असेल तर तेही बदलून हवा काढावी. पॅडल मऊ लागतं किंवा गिअर अडकतात ते अनेकदा हवेमुळेच, नव्या क्लचमुळे नव्हे.

ऑरगॅनिक प्लेटला साधारण ८०० किलोमीटरचं सौम्य रन-इन द्यावं, तेही शहरातलं, कारण हायवेवर क्लच जोडलेलाच राहतो आणि पृष्ठभाग एकमेकांना जुळत नाहीत. या काळात पूर्ण बूस्ट टाळावा. केव्हलारला याहून जास्त धीर लागतो. नवा क्लच पहिल्याच आठवड्यात जाळून 'माल खराब होता' म्हणणारे कमी नाहीत.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ठामपणे अधोरेखित केली. झिजलेला क्लच बदलणं ही दुरुस्ती आहे. पण रिमॅप आणि वाढवलेली ताकद यांमुळे वॉरंटी व विमा धोक्यात येऊ शकतो. विमा कंपनीला आधी विचारणं हा शहाणपणा.

शेवटी निवड कशी करायची

आधी टॉर्क ठरवा. ट्यूनरकडून आकडा घ्या, त्यात २५ ते ३० टक्के मिळवा आणि तेवढ्या क्षमतेचा क्लच शोधा, त्याहून मोठा नाही.

गाडी मूळ स्थितीत असेल आणि क्लच फक्त झिजला असेल तर कारखान्याचा क्लच सेट. टॉर्क २५-४० टक्क्यांनी वाढला असेल तर जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि पूर्ण गोल, स्प्रिंग हबची ऑरगॅनिक प्लेट, फ्लायव्हील मूळचंच. ड्युअल-मास खराब झालं असेल किंवा त्याची मर्यादा ओलांडली असेल तर मध्यम वजनाचं एकसंध स्टीलचं, वाढणारा आवाज मान्य करून. टॉर्क दुपटीच्या घरात गेला असेल तर ऑरगॅनिक दोन प्लेटचा क्लच आणि सोबत गिअरबॉक्सचा विचार. पकची सिरॅमिक प्लेट आणि अति-हलकं फ्लायव्हील ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाड्यांना राहू द्यावं.

टर्बो गाडीचा आनंद कमी आरपीएमला मिळणाऱ्या भरघोस ओढीत आहे. तो रोज घेता यावा असं वाटत असेल, तर क्लच निवडताना डायनोवर मोजलेला टॉर्कचा आकडा आणि सोमवारी सकाळचा ट्रॅफिक दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा आणि दोन्हींत मतभेद झाला तर ट्रॅफिकचं ऐका.